जमाखर्चाचे चित्र कोणी काढायचे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सोलापुरातल्या चाटी गल्लीतून एक चक्कर मारली, तर जुने आणि नवे अशी दोन दैवते एकाच पाटावर बसलेली दिसतात. लाल कापडी बांधणीची चोपडी असते, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी लाह्या-बत्तासे; आणि तिला खेटूनच, झाकणावर हळदकुंकवाची बोटे उमटलेला लॅपटॉप. पूजेचा पहिला मान अजून चोपडीचा. वर्षभराची खरी चाकरी मात्र दुसऱ्याची. कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद ही चारही कामे आता तोच करतो. आणि शिवाय चोपडीने कधी न केलेले एक काम करतो. तो हिशेबाचे चित्र काढून दाखवतो.

हे चित्र म्हणजे आलेख. विक्रीची चढती-उतरती रेघ, खर्चाचे उभे खांब, कोणत्या खात्यात किती गेले हे दाखवणारी भाकरीसारखी चकती. ताळेबंद वाचता येणारा माणूस घरात एखादाच असतो. रेघ वर गेली की खाली आली, हे आजीपासून नातवापर्यंत सर्वांना कळते. म्हणूनच ताळेबंदापेक्षा आलेखावर विश्वास टाकणारे अधिक. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत, बँकेच्या कर्जविभागात, फार काय, घरातल्या खर्चावरून होणाऱ्या कुरबुरीतसुद्धा, शेवटचा शब्द पुष्कळदा या रेघेचा असतो. तेव्हा ती रेघ कोणाच्या हातची आहे आणि त्या हाताला कामावर कोणी नेमले, ही चौकशी फराळाच्या ताटाबरोबर करण्यास हरकत नसावी.

हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आलेख काढण्याचे काम सहसा स्वतः करीत नाही. आकडे दिले की त्यांची रेघ, खांब किंवा चकती काढून देणारे तयार सामान मिळते; ते तो आणतो आणि आपल्या सॉफ्टवेअरला जोडतो. या सामानाला त्या मंडळींत 'लायब्ररी' म्हणतात. हा शब्द ऐकला की आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरांच्या डोळ्यांपुढे हिराचंद नेमचंद वाचनालय उभे राहते. पण येथे पुस्तकांचा संबंध नाही. गृहिणींना लगेच कळेल असे सांगायचे, तर ही लायब्ररी म्हणजे बाजारचा तयार मसाला. भाजी तुमची, फोडणी तुमची, मसाला दुसऱ्याने कुटलेला. चव त्याच्यावर पुष्कळ अवलंबून; आणि त्यात काय काय कुटले आहे हे पुड्यावर लिहिले असेल तेवढेच आपल्याला ठाऊक.

आलेख ही वस्तू मुळात हिशेबाच्याच पोटी जन्माला आली, हे येथे सांगितले पाहिजे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली देशाच्या आयात-निर्यातीवर एक पुस्तक काढले. त्यात चव्वेचाळीस आकृत्या होत्या. त्यांपैकी त्रेचाळीस आकृत्यांत वर्षानुवर्षांच्या रेघा होत्या. एकच आकृती आडव्या पट्ट्यांची, स्कॉटलंडच्या व्यापाराची. कारण काय, तर स्कॉटलंडचे आकडे त्याच्याजवळ एकाच वर्षाचे होते, आणि एका वर्षाच्या आकड्यांची रेघ कशी ओढणार? नाइलाजाने त्याने पट्ट्या काढल्या आणि जगाला पट्ट्यांचा आलेख मिळाला. पुढे १८०१ साली त्यानेच चकतीही काढली. म्हणजे आज आपल्या पडद्यावर दिसणारी तिन्ही चित्रे एका माणसाची. हा माणूस स्वतः पैशाच्या व्यवहारात मात्र फारसा नावाजलेला नव्हता. पण ते असो.

आता प्रश्न निवडीचा. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न आपल्यापर्यंत येतच नाही. कंपनीने जे दिले ते गोड मानायचे. पण हिशेबाचे काही सॉफ्टवेअर असे आहे की ज्याची घडण सर्वांना खुली असते. ते फुकट वापरता येते, आतून वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. याला ओपन सोर्स म्हणतात. आपल्याकडे लाडू करण्याची रीत शेजारणीला सांगताना कोणी पैसे घेत नाही, आणि तिने त्यात बेदाण्यांऐवजी काजू घातले तर रागावतही नाही. तसाच काहीसा हा प्रकार. येथे आलेखाची लायब्ररी निवडण्याची चर्चा उघड्यावर होते, तिची कारणे लिहून ठेवलेली असतात आणि चुकलेली निवडही सर्वांना दिसते.

अशा सॉफ्टवेअरमध्ये जुने आणि जाणते घराणे म्हणजे ग्नूकॅश. १९९७ साली ते 'एक्स-अकाउंटंट' या नावाने सुरू झाले. प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा, ही आपल्या मुनीमजींची रीत ते कटाक्षाने पाळते. त्याचा मराठी अनुवादही झालेला आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. या घराण्याने आजवर आलेख काढणारे चार चित्रकार बदलले. पहिला 'गप्पी', त्याचे काम पुढे थांबले, तेव्हा २००६ सालच्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत त्याच्या जागी 'जीऑफिस' आले. २०१० च्या अखेरीस अहवाल दाखवण्याची सारी पद्धतच ब्राउझरच्या धर्तीवर गेली, तेव्हा 'जेक्यूप्लॉट' आले. त्याचीही उमेद ओसरली आणि सध्या ती जागा 'चार्ट.जेएस'कडे आहे. पाचवा कधी येईल ते सांगता येत नाही.

ही काही ग्नूकॅशच्या लोकांची चंचलता नव्हे. चित्रकार म्हातारे होतात, एवढाच त्याचा अर्थ. अशा लायब्रऱ्या बहुधा एक-दोन उत्साही माणसांच्या फावल्या वेळावर चालतात. लग्न होते, नोकरी बदलते, हौस फिटते, आणि लायब्ररी पोरकी होते. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की तीनदा चित्रकार बदलूनही वापरणाऱ्यांच्या खात्यांना धक्का लागला नाही. कारण आलेख वहीत साठवलेला नव्हता; प्रत्येक वेळी तो वहीवरून नव्याने काढला जात होता. वही घरची, चित्रकार रोजंदारीवरचा. निवडीचा सर्वांत मोठा नियम मला यातच दिसतो: जो चित्रकार उद्या काढून टाकता येईल, त्यालाच आज कामावर ठेवावे.

याच्या उलट काय होते, ते पाहायचे तर गूगलच्या एका जुन्या सेवेकडे पाहावे. २००७ साली या कंपनीने आलेखांची चित्रे करून देण्याची सोय काढली. सोय खरोखर सुरेख होती. आपले आकडे इंटरनेटच्या पत्त्यातच लिहून पाठवायचे, की उलट टपाली तयार चित्र हजर! ना काही बसवायचे, ना काही शिकायचे. पुष्कळांनी ती आनंदाने वापरली. पण जरा थांबून विचार करा. आकडे पत्त्यात लिहायचे, म्हणजे घरचा जमाखर्च पोस्टकार्डाच्या बाहेरच्या बाजूस लिहून परगावी धाडायचा. एखाद्या दुकानाची महिन्याची विक्री, एखाद्या संस्थेची शिल्लक, हे सारे चित्राच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या दारात जायचे. २०१२ साली कंपनीने ही सोय बंद करण्याचे जाहीर केले आणि २०१९ साली ती खरोखरच बंद झाली. ज्यांनी तोवर दुसरी व्यवस्था केली नव्हती, त्यांच्या अहवालांत चित्राच्या जागी रिकामा चौकोन आला.

गूगलची आलेखांची दुसरी सोय आजही चालू आहे आणि तीत आलेख आपल्याच यंत्रावर काढला जातो. पण चित्रकाराला दर वेळी गूगलच्या घरून बोलावून आणावे लागते, त्याला आपल्या घरी उतरवून घेण्यास परवानगी नाही. इंटरनेट गेले की आलेख गेला. ज्या गावात दुपारी वीज जाते आणि विजेबरोबर इतर पुष्कळ गोष्टी जातात, त्या गावातल्या माणसाने ही अट विसरू नये.

परवान्याचा प्रश्न यापेक्षा रुक्ष, पण टाळता येत नाही. नॉर्वेत तयार होणारी 'हायचार्ट्स' ही लायब्ररी देखणी आहे, जाणकार तिची तारीफ करतात. ती घरगुती किंवा शैक्षणिक वापराला सवलतीने मिळते. व्यापारी वापराला मात्र पैसे भरावे लागतात. अट अगदी न्याय्य आहे, त्यांनी कष्ट केले आहेत. परंतु खुल्या हिशेबी सॉफ्टवेअरला ती परवडत नाही, कारण हिशेब ठेवणारा माणूस बहुधा व्यापारीच असतो! आणि ज्या सॉफ्टवेअरचे वचनच असे की 'घ्या, वापरा, वाटा', त्याच्या पोटात 'वाटू नका' म्हणणारा एक अवयव कसा ठेवायचा? म्हणून ही मंडळी एमआयटी नावाच्या परवान्याची लायब्ररी शोधतात. तो परवाना चार-दोन परिच्छेदांचा; कर्त्याचे नाव आणि परवान्याचा मजकूर राहू द्या, बाकी काय हवे ते करा, असे सांगणारा. चीनमधल्या बायडू कंपनीत जन्मलेली आणि आता अपाचे संस्थेकडे असलेली 'ईचार्ट्स' हीसुद्धा मोकळी आहे. पण तिचा अपाचे परवाना जीपीएल या प्रसिद्ध परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीशी जमतो, दुसरीशी जमत नाही, असे त्या परवान्याच्या कर्त्यांचेच मत आहे. वधूवरांच्या पत्रिका जुळवाव्यात, तसेच हे गुण जुळवणे असते.

आता मुंबईकडे वळू. कारण आपल्या विषयाची सर्वांत बोधप्रद हकीकत तेथे, आपल्याच महाराष्ट्रात, घडली आहे.

ऋषभ मेहता नावाच्या तरुणाने घरच्या फर्निचरच्या व्यवसायाचा कारभार नीट चालावा म्हणून सॉफ्टवेअर लिहिण्यास घेतले. त्यातूनच पुढे 'फ्रॅपे' ही मुंबईची कंपनी आणि 'ईआरपीनेक्स्ट' हे सॉफ्टवेअर उभे राहिले. खरेदी, विक्री, माल, पगार आणि हिशेब ही सारी कामे ते करते; आणि ते जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुले आहे. हिशेबाची वही परदेशी कंपनीकडे गहाण न ठेवता चालवता येते, हे मुंबईतून साऱ्या जगाला दाखवणारे हे काम, आणि त्याबद्दल आपल्या वृत्तपत्रांतून व्हावे तेवढे लिहिणे झालेले नाही, असे मला वाटते.

तर या ईआरपीनेक्स्टमध्ये एक लहानशी गरज निर्माण झाली. वापरणाऱ्या कंपनीच्या पानावर तिच्या विक्रीचा मागचा इतिहास दाखवणारा एक साधा आलेख हवा होता. अहवालांसाठी त्यांच्याकडे 'सी३' नावाची लायब्ररी आधीपासून होतीच. ही सी३ उभी आहे 'डी३' या मोठ्या लायब्ररीच्या खांद्यावर. २०११ साली आलेली डी३ म्हणजे आलेख काढणारांच्या जगातला महामेरू. तिच्यातून काहीही काढता येते, पण ती तयार आलेख देत नाही, आलेख काढण्याची सगळी अवजारे देते. खिळा ठोकायला कोणी सुताराचा अख्खा कारखाना उचलून आणत नाही. शिवाय सी३चे चित्र ईआरपीनेक्स्टच्या साध्या, नेटक्या पानावर परके वाटे. बाकीच्या लायब्रऱ्या पाहिल्या, तर काही अवजड, काही ताठर. त्या त्यांच्याच पद्धतीने चालणार, आपले ऐकणार नाहीत. तेव्हा तेथल्या प्रोग्रामरने स्वतःच एक छोटी लायब्ररी लिहिली. २०१७ साली ती 'फ्रॅपे चार्ट्स' या नावाने एमआयटी परवान्याखाली जगाला खुली करण्यात आली.

तिचे एक वैशिष्ट्य कर्त्यांनी अभिमानाने सांगितले आहे: ती दुसऱ्या कोणत्याही लायब्ररीवर अवलंबून नाही. सामान्य वाचकाला यात विशेष काय असे वाटेल. त्यासाठी २०१६ सालच्या मार्च महिन्यातली एक घटना आठवावी लागते. 'लेफ्ट-पॅड' नावाचा अकरा ओळींचा एक तुकडा होता. अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्ये भरणे एवढेच त्याचे काम. त्याच्या कर्त्याचे कोणाशी तरी वाजले आणि त्याने तो तुकडा सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. त्याबरोबर जगभरची मोठमोठी कामे अडून बसली. कारण त्या कामांना जी सामग्री लागे, तिला लागणाऱ्या सामग्रीला, आणि तिलाही लागणाऱ्या सामग्रीला ते अकरा ओळींचे पिल्लू लागत होते! भांडारवाल्यांनी काही तासांतच तो तुकडा परत ठेवला, पण जो धडा मिळायचा तो मिळाला. शिंक्याचे एक सूत तुटावे आणि लोण्यापासून लोणच्यापर्यंत सारे खाली यावे, तशातली गत.

असे असले तरी प्रत्येकाने आपापली लायब्ररी लिहावी, असे मी म्हणणार नाही. गूळ हवा म्हणून उसाची लागण करणे सगळ्यांना झेपत नाही. फ्रॅपेला ते झेपले, कारण त्यांनी आपली भूक ओळखली होती. रेघ, खांब, चकती, टक्केवारीची पट्टी. आणि वर्षातल्या प्रत्येक दिवसाचा एक चौकोन करून, ज्या दिवशी काम अधिक त्या दिवसाचा रंग गडद, अशी एक चौकड्यांची पट्टी. ही शेवटची कल्पना त्यांनी गिटहबवरून उचलली हे ते स्वतःच सांगतात. सोलापूरच्या माणसाला मात्र ती पाहून आपल्या चादरीची आठवण होते. शेअरबाजाराचा माणूस मागतो त्या मेणबत्तीच्या आकाराच्या आकृत्या फ्रॅपे चार्ट्समध्ये नाहीत. त्या हव्या असणाराने 'ट्रेडिंगव्ह्यू' या कंपनीने खुली केलेली हलकी लायब्ररी पाहावी; तीत कंपनीचे नाव दाखवण्याची अट आहे, ती पाळावी.

येथवर बाजारातून माल कसा पारखावा याची चर्चा झाली. पण चित्रकार घरी आल्यावर काय काय करून ठेवतो, तेही पाहिले पाहिजे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाचा टॉवेलचा कारखाना आहे. मालकांच्या पुतण्याने, जो नुकताच इंजिनीअर झाला आहे, हौसेने खुले सॉफ्टवेअर घेऊन घरचा हिशेब त्यावर आणला आणि वेगळी अशी एक आलेखाची लायब्ररी त्याला जोडली. कोणती, ते सांगण्यात अर्थ नाही; अशा पुष्कळ आहेत. बँकेत कर्जाचे कागद द्यायचे होते, त्यात रोख शिलकीचा आलेख घालायचा त्याचा बेत होता. रेघ झोकदार होती, नदीच्या वळणासारखी गोल गोल वळत गेलेली. तीस वर्षे त्या कारखान्याची वही लिहिणारे मुनीम ती पाहत बसले होते. त्यांनी चष्मा वर केला.

"अरे बाबा, श्रावणात आपली रोख शिल्लक उणे कधी गेली रे?"

"गेली नाही, अण्णा. जूनअखेर नव्वद हजार होती, जुलैअखेर चार, ऑगस्टअखेर तीन, आणि सप्टेंबरला पुन्हा ऐंशी. रेघ वळवताना मधे जराशी शून्याच्या खाली जाते."

"मग वळवायची कशाला?"

"चांगली दिसते म्हणून."

"बँकेचा साहेब चांगली बघंल, का खाली गेलेली बघंल?"

मुनीमजींचा आक्षेप वाटतो त्याहून खोल आहे. बँकेतले खाते उणे होऊ शकते, उधारी उणे-अधिक होते. पण पेटीतली रोकड उणे होऊ शकत नाही. पेटीत नसलेली नोट बाहेर देता येत नाही. रोकडवही उणे दिसली, की हिशेब तपासनिसाला पहिला संशय हाच येतो, की आलेला पैसा कोठेतरी लिहिलेला नाही. म्हणजे वहीत सारे चोख असताना केवळ चित्राच्या लाडिकपणामुळे एका प्रामाणिक घराण्यावर बालंट येण्याची वेळ आली होती. गणिताच्या दृष्टीने लायब्ररीने काही गुन्हा केला नव्हता. चार टिंबे दिली की त्यांतून गुळगुळीत वक्ररेषा काढायची, तर उतरत येणारी रेघ वळण घेताना थोडी खाली झुकणारच. तापमानाला ही रेघ शोभते. हवा हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. पैसा तसा वागत नाही. शिल्लक एका व्यवहारापासून दुसऱ्या व्यवहारापर्यंत जागची हलत नाही आणि मग एकदम चढते किंवा उतरते. तिचे खरे चित्र नदीचे नव्हे, घाटाच्या पायऱ्यांचे. बहुतेक चांगल्या लायब्रऱ्यांत पायऱ्यांची रेघ काढण्याची सोय असते. ती मागावी लागते एवढेच. पुतण्याने ती मागितली, रेघ पायऱ्यांची झाली, रोजच्या शिलकीवरून काढली गेली, आणि अण्णांनी मान डोलावली.

न मागता चित्रकार स्वतःच्या मनाने जे करतो, त्याला त्या व्यवसायात 'डीफॉल्ट' म्हणतात. माझ्या मते लायब्ररीची खरी परीक्षा या डीफॉल्टवर करावी. कारण शंभरातले नव्वद लोक त्याला हात लावत नाहीत. उभ्या खांबांचेच घ्या. समजा, एका महिन्यात विक्री साडेनऊ लाख झाली आणि पुढच्या महिन्यात दहा लाख. वाढ पाच टक्क्यांच्या आसपास. आता खांबांचा पाया शून्यावर न ठेवता नऊ लाख चाळीस हजारांवर ठेवला, तर पहिला खांब दहा हजारांचा उरतो आणि दुसरा साठ हजारांचा. म्हणजे डोळ्यांना वाढ दिसते सहापट! आकडा एकही खोटा नाही, तरी चित्र पूर्ण खोटे. चार्ट.जेएसच्या दुसऱ्या आवृत्तीत खांब शून्यापासून सुरू करा असे मुद्दाम सांगावे लागे. २०२१ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते आपोआप होऊ लागले. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सुधारणा लोकांच्या डोळ्यांदेखत होते, हा मोठाच गुण. पतसंस्थेच्या अहवालात ठेवींचे खांब भराभर उंच होताना दिसले, तर सभासदांनी आधी खांबांच्या पायाशी काय लिहिले आहे ते वाचावे, आणि मग टाळ्या वाजवाव्यात.

आणखी एक गोष्ट परदेशी चित्रकाराला शिकवावी लागते, ती म्हणजे आपला कालमापनाचा हिशेब. त्याला जानेवारी ते डिसेंबर कळते. आपले आर्थिक वर्ष एप्रिलपासून, हे त्याला सांगितले की तो ऐकतो. पण दिवाळी कशी समजावणार? २०२३ साली अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेले. २०२४ साली ते १ नोव्हेंबरला झाले. २०२५ साली २१ ऑक्टोबरला. कापडाच्या दुकानदाराने ऑक्टोबरशी ऑक्टोबर ताडून पाहिला, तर २०२३ च्या मानाने २०२४ मध्ये धंदा एकदम उसळलेला दिसेल, आणि नोव्हेंबरशी नोव्हेंबर ताडला तर बुडालेला. खरे पाहता गिऱ्हाईक तेच, खरेदी तीच. सण तेवढा सरकला. घरखर्चाचेही तसेच. ऑक्टोबरचा खांब गगनाला भिडला म्हणून गृहिणीला बोल लावण्यापूर्वी यजमानांनी पंचांग उघडावे. येथे लायब्ररीचा दोष नाही. पण जी लायब्ररी आडव्या रेघेवर आपण देऊ त्या मुदती निमूटपणे मांडते, 'दिवाळीपूर्वीचे तीस दिवस' असा खांब काढू देते, ती आपल्या उपयोगाची. काही लायब्रऱ्या तारीख दिसली की फार हुशारी करतात आणि आपल्या मुदती मोडून त्यांचे महिने बसवतात.

शेवटी माझ्या अधिकाराचा थोडाफार भाग, म्हणजे भाषा. मोठा आकडा आलेखाच्या कडेला मावत नाही, म्हणून लायब्ररी तो आखूड करते. फ्रॅपे चार्ट्स मुंबईत जन्मली खरी, पण तिची आखूड करण्याची रीत विलायती आहे: हजाराला के, दशलक्षाला एम, अब्जाला बी. पंचवीस लाखांची विक्री 'अडीच एम' होऊन बसते. आमच्या अण्णांना हा एम कोण, हे विचारण्याची पाळी यावी! ईआरपीनेक्स्ट ज्या पायावर उभे आहे त्या फ्रॅपेच्या मूळ चौकटीत मात्र देश भारत आहे असे सांगितले, की लाख आणि कोटींची इंग्रजी आद्याक्षरे वापरण्याची व्यवस्था केलेली आहे. म्हणजे धन्याला लाख-कोटी कळतात, त्याच्या चित्रकाराला तेवढे शिकवायचे राहिले.

स्वल्पविरामांचे गाऱ्हाणे आता फारसे उरलेले नाही. ब्राउझरमध्येच भाषेनुसार आकडे लिहिण्याची सोय असते. भाषा मराठी आणि देश भारत असे सांगितले, की तो १२,३४,५६७ असे, देवनागरी अंकांत आणि लाखांच्या ठिकाणी स्वल्पविराम देऊन लिहितो. अक्षरांचे गाऱ्हाणे मात्र पूर्ण मिटलेले नाही. पडद्यावर 'शिल्लक' हा शब्द नीट दिसतो, कारण तो ब्राउझर जुळवतो. पण तोच आलेख छापण्यासाठी पीडीएफ करायला गेलो, की काही साधनांत पहिली वेलांटी श नंतर जाऊन बसते आणि ल्ल चे दोन तुकडे पडतात. म्हणून निवड करण्यापूर्वी एक सोपी कसोटी घ्यावी. 'किरकोळ खर्च', 'शिल्लक', 'दुरुस्ती' आणि 'व्याज' अशी चार खात्यांची नावे लिहून आलेख काढावा, तो पडद्यावर पाहावा आणि मग छापून पाहावा. दोन्हीकडे शब्द धड दिसले, तर ती लायब्ररी मराठी घरात नांदू शकेल.

फ्रॅपे चार्ट्समध्ये के आणि एमच्या जागी ह., ला. आणि को. बसवायचे, तर घडण खुलीच आहे. सोलापुरातल्या महाविद्यालयांतून दर वर्षी इतकी मुले-मुली संगणक शिकून बाहेर पडतात. त्यांच्यातल्या कोणीही दिवाळीच्या सुटीत बसून हे करून पाठवावे. काम एका दुपारचे आहे. शुद्धलेखन मी तपासून देईन.